कोरड्या हवेचं गाव

२६ फेब्रु. २००७, सोम.

कोहळा संपवला एकदाचा. किसला, पिळला, उडदाच्या डाळीत कालवला, सांडगे घातले. कॉरिडॉरमध्ये घालणार होते तर लिफ्टजवळ परत तोच कागद चिकटवलाय, बाहेर काही ठेवू नका. शेजारची टॅन आंटी मात्र खुर्चीवर ताट ठेवून संत्र्याच्या साली वाळवते, बिनधास्त. तिला कोण बोलत नाही. गेल्या वेळी मी दोन ताटं बाहेर ठेवली तर अर्ध्या तासात पाऊस आला आणि साळुंक्या पण आल्या.

म्हणून बेडरूममध्ये. दुसऱ्या खोलीला घरमालकाचं कुलूप. त्याचं सामान ऐसपैस झोपतं आणि आम्ही तिघं एका खोलीत. मनूच्या कॉटखाली प्लास्टिक, वर जुनी चादर, तिच्यावर सांडगे. पंखा फुल्ल, एसी ड्राय मोडवर, खिडकी बंद. मनूला सर्दी आहे. शाळेतनं आणली असणार, सगळी पोरं एकमेकांच्या अंगाला नाक पुसतात.

कानिटकर वहिनींचा फोन. त्या जुरोंग ईस्टला काँडोत, म्हणजे भारीतल्या खासगी बिल्डिंगीत, मिस्टर बँकेत, सिंगापूरचे सिटिझन झालेत. आवाजातच कळतं. "मंगल, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुझे सांडगे हवेत हं. काय चव आहे तुझ्या हाताला!" हाताला आहे. तोंड उघडलं की सगळ्या गप्प होतात. नववीतनं शाळा सुटलेल्या बाईनं त्यांच्यात बोलायचं तरी काय. माझ्या वतीनं सांडगे बोलतात.

१४ मार्च, बुध.

काल सकाळी मनूचा श्वास अडकला. दात घासत होती. मला वाटलं शाळा नको म्हणून नाटक करतेय. ओरडले पण तिच्यावर. मग बघते तर ओठ

नाही लिहवत.

टॅक्सीत हे मागं तिला मांडीवर धरून. मी पुढं. ड्रायव्हरला नुसतं "फास्ट, फास्ट". दुसरा शब्द आठवेना. सात वर्षं झाली ह्यांना सिंगापुरात, सहा मला, आणि माझ्याकडं एक शब्द.

मास्क लावून वाफ दिली. दोन तासांनी पोरगी म्हणते, "मम्मा, आय वाँट मायलो." ते चॉकलेटचं दूध. मी रडायला लागले तर नर्सनं मलाच पाणी दिलं.

दमा म्हणे. पाच वर्षांच्या पोरीला. डॉक्टरनं ह्यांना विचारलं, घरात कुत्रं? मांजर? गालिचा? सिगारेट? हे नो, नो, नो. ओल? हे म्हणाले, अख्ख्या सिंगापुरात ओल आहे. डॉक्टर हसला. म्हणाला, काही काही लोकांना कोरड्या हवेत बरं वाटतं. तो सहज बोलून गेला. ह्यांनी गाठ मारून ठेवली.

पंप दिलाय. निळा. प्लास्टिकच्या नळीतनं ओढायचा. कधी दिला ते लिहून ठेवा म्हणाले. ठेवते इथंच.

१८ मार्च, रवि.

हे ऑफिसात बोलून आले. ह्यांची कंपनी खाऱ्या पाण्याचं गोडं करायचे प्लांट बसवते, आणि असले प्लांट कुठं लागतात तर जिथं माणसानं राहू नये तिथं. साहेब म्हणाले, तीन ठिकाणी जागा आहे, तीनही वाळवंटात. मेमध्ये नाव सांगायचं.

सकाळपासून लॅपटॉपवर तक्ता करतायत. उभ्या ओळीत तीन गावं, आडव्या ओळीत शाळा, दवाखाना, हवा, मराठी माणसं. प्रत्येकाला दहातले मार्क. हवेला डबल मार्क.

म्हणलं, "माझी ओळ कुठाय?"

"तुझी म्हणजे?"

"मला तिथं आवडंल का नाही, ह्याची."

"मंगल, पोरीचा जीव महत्त्वाचा का तुझं आवडणं?"

असं बोलल्यावर माणसानं काय करायचं. पोळ्या लाटल्या.

पंप नाही.

२२ मार्च, गुरु.

पाडवा झाला. गुढी किचनच्या खिडकीत, बांबू कपडे वाळत घालायचाच.

तिन्ही गावं बघितली लॅपटॉपवर.

एक ऑस्ट्रेलियात. तिथं म्हणे एवढं ऊन की निम्मं गाव जमिनीखाली घरं खणून राहतं. फोटोत एक गोरी बाई भुयारात सोफ्यावर बसून हसतेय. हसंल नाहीतर काय करंल. जिवंतपणीच पुरून घ्यायचं आणि वर त्याला पडदे लावायचे.

दुसरं ओमानात, इब्री. रस्ते चकचकीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका फोटोत मोठा गोल चौक, मधोमध सिमेंटची किटली. घराएवढी किटली. हे म्हणतात, "बघ किती स्वच्छ आहे." अहो, घाण करायला तरी माणूस पाहिजे ना.

तिसरं बाडमेर, राजस्थानात. आपलाच देश. ह्यांच्याबरोबर पूर्वी काम करायचे ते जाधव भाऊजी तिथंच आहेत. फोटोत बाया डोक्यावर हंडे घेऊन चालल्यात. आमच्या फलटणकडं माझ्या आईनं जन्मभर तेच केलं, तेवढ्यासाठी मी विमानात बसून सिंगापूरला आले होते काय.

मनूनं तिन्ही फोटो बघितले, मेट्रो शोधली. "पप्पा, देअर गॉट एमआरटी ऑर नॉट?"

"नो."

"देन हाऊ टु गो आऊट?" 

पाच वर्षांची आहे. तक्ता करणाऱ्यापेक्षा शहाणी.

३ एप्रिल, मंगळ.

दुसरे सांडगे घातले. ह्या वेळी जास्त, दीड कोहळ्याचे. कानिटकर वहिनींना हळदीकुंकवाला पहिले दिले की पुढं मागणी येणारच, मला माहीत आहे त्यांची खोड. कॉटखाली दोन चादरी लावल्या, भिंतीपर्यंत. बाहेर रोज दुपारी वीज आणि पाऊस, घड्याळ लावल्यासारखा.

मनू ठीक. सतरा तारखेपासून, नाही, चौदापासूनच पंप नाही. हे म्हणतात, "गाफील राहू नकोस." मी कधी गाफील असते? ती झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून पडते. हात बधिर होतो तरी काढत नाही.

सासूबाईंचा फोन. "तिकडं नेऊन पोरीला रोगी केलीस." मी केली. हवा माझी, समुद्र माझा, ढग माझे.

१४ एप्रिल, शनि.

का. वहिनींकडं चैत्रगौर. आमच्या बुकित पंजांगहून दोन गाड्या बदलून गेले. मनूला मोरपंखी परकर पोलका. गौर झोपाळ्यात, पुढं कलिंगडाची कमळं कापलेली. कैरीची डाळ, पन्हं. सांडगे तळून चांदीच्या वाटीत ठेवले होते. चांदीच्या वाटीत माझे सांडगे!

बातमी पसरलेलीच होती. एकेक जण सल्ला द्यायला.

"अगं ड्राय हीट छान असते. आम्ही दुबईला होतो ना, संध्याकाळी डेझर्टमध्ये जायचो, तंबू, कबाब, सगळं."

"मी तर म्हणते रिटायर व्हायला असंच छोटं गाव हवं. शांत. पुस्तकं वाचायची."

"मंगल कुठं पुस्तकं वाचते!" असं म्हणून हसल्या. मी पण हसले. काय करणार.

कुणी विचारलं नाही की पोरीला रोज कसं आहे. वाळवंट म्हणजे ह्यांना चार तास गाडीत फिरून फोटो काढायची जागा. जायचं मला आहे. वाळू माझ्या तांदळात येणार आहे.

निघताना का. वहिनींनी दारात हात धरला. मला वाटलं आता तरी मनूचं विचारतील. "जायच्या आधी दोन किलो करून ठेव गं. आमच्या सांडग्यांचं काय होणार आता!"

आणि मी मूर्ख, बरं म्हणले. एवढंच नाही, एमआरटीत बसून आनंदानं हिशेब करत होते की कोहळे किती लागतील. माझ्याएवढी हलकी बाई दुसरी नसंल.

१९ एप्रिल, गुरु.

शाळेतनं फोन. टीचर काय बोलत होती कळंना, पण "ब्रीदिंग" कळलं. चप्पल न घालता खाली गेले, परत वर आले, पंप घेतला, परत खाली. ब्लॉक ओलांडून शाळा आहे म्हणून. लांब असती तर?

पंप ६ वेळा. मग हॉस्पिटल. मग परत मास्क.

हे तिथंच कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "आता बास. ह्या हवेत नाही ठेवायची तिला." डोळे लाल. साहेबांना तिथनंच फोन केला की जाणार, नक्की, फक्त गाव कुठलं ते सांगतो.

पीआरचा, म्हणजे इथं कायमचं राहायचा, फॉर्म भरलाय ह्यांनी गेल्या वर्षी. तो मागं घ्यावा लागेल. सात वर्षं वाट बघितली त्याची. मीच आठवण काढली तर म्हणाले, "कागद आहे तो. पोरगी आहे ही."

त्या तक्त्यावर मी हसते. पण ह्यांच्यावर नाही हसता येत.

२४ एप्रिल, मंगळ.

बाडमेरला फोन लावून दिला ह्यांनी. जाधव भाऊजींची बायको, सुरेखा. मूळची बारामतीकडची. दीड वर्ष झालं तिला तिथं. आवाज ऐकूनच बरं वाटलं, आमच्यासारखंच बोलते.

"वैनी, या बिनघोर. पाण्याचा त्रास हाय, पर कंपनी टँकर देती."

"हवा कोरडी आहे का?"

"कोरडी? अवो, धुणं दोरीवर टाकून दुसरं पिळंस्तोवर पहिलं वाळतंय. पापड दोन तासांत. कुरडया सकाळी घालायच्या, दुपारी डब्यात. मी एकदा विसरले तर उन्हानं काळ्या पडल्या."

दोन तासांत. मी इथं आठ आठ दिवस पंख्याखाली वाळवते.

"आणि दवाखाना?"

"हाय की. मोठं काय असलं तर जोधपूर."

"किती लांब?"

"चार तास. वारं सुटलं तर मग काय सांगता येत नाय. वाळू उडती ना. घरात येती, अंथरुणात येती, भाकरीत येती. दात करकरत्यात."

"दम्याच्या पोरांना चालतं का गं ते?"

मग म्हणाली, "त्ये काय मला म्हाईत नाय वैनी. आमचा बंडू तर ठणठणीत हाय."

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी वाळूचं ऐकून हवेचा एक मार्क कापला. एक. दात करकरण्याचा एक मार्क.

आणि माझं काय चाललंय तर त्या पापडांचं. दिवसभर तेच डोक्यात. गच्ची, ऊन, कुणाचा कागद चिकटवलेला नाही. ज्या गावाला तोंडभर नावं ठेवली तिथं मी मनातल्या मनात ताटं मांडतेय.

२९ एप्रिल, रवि.

हे साइटवर. मनू पलंगावर बसून चित्र काढत होती. कपाटावरची मोठी बॅग काढायची म्हणून तिची कॉट बाजूला ओढायला गेले, निघेना. टॅन आंटीला हाक मारली. सत्तरीची बाई, एका हातानं ओढली कॉट.

दुसऱ्या खेपेचे सांडगे मी दहा-बारा दिवसांनी डब्यात भरले होते. पण भिंतीकडची चादर विसरलेच होते. तिथपर्यंत हात पोचत नाही म्हणून राहिलेली. ती

काळी झालेली. काळी आणि हिरवी. सांडग्यांना केस आलेले. मांजराच्या अंगावर असतात तसले. भिंतीला पण, जमिनीपासून वीतभर वर. कॉटच्या फळ्यांना खालनं. उचलल्याबरोबर धुरळा उडाला आणि आंटीनं पदरासारखा शर्ट नाकाला लावला.

"अय्यो! धिस वन स्पॉइल! थ्रो, थ्रो! इनसाइड कॅनॉट. मस्ट आउटसाइड, मस्ट सन."



मग तिनं कॉटकडं बघितलं, उशीकडं बघितलं. "गर्ल स्लीप हिअर?"

मान हलवली मी.

घरी जाऊन व्हिनेगरची बाटली आणि फडकी घेऊन आली. दोघींनी भिंत पुसली, फळ्या पुसल्या, मनूला तिच्या घरी टीव्हीपुढं बसवलं. चादर, प्लास्टिक, डब्यातले चांगले सांडगेसुद्धा, सगळे कचऱ्याच्या चूटमध्ये. बाराव्या मजल्यावरनं खाली जाताना आवाज आला.

एक ठेवला. झिपच्या पिशवीत, किचनच्या ड्रॉवरमध्ये, लाटण्यामागं. कशाला ठेवला माहीत नाही.

हे आल्यावर म्हणाले, "व्हिनेगरचा वास येतोय."

"लोणचं सांडलं."

३० एप्रिल, सोम.

पंप नाही.

३ मे, गुरु.

पंप नाही. मनू धावत जिना चढली. मी मागं.

का. वहिनींचा फोन दोनदा. उचलला नाही.

१० मे, गुरु.

पंप नाही. भिंत पुसल्याला अकरा दिवस.

आज मनू शाळेत असताना ही वही पहिल्यापासून वाचली. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते अजून.

२६ फेब्रु. सांडगे. १३ मार्च श्वास.

३ एप्रिल सांडगे. १९ एप्रिल श्वास.

मध्ये काही नाही.

माझ्याच अक्षरात. ह्यांनी एवढा तक्ता केला, मार्क दिले, तीन देश धुंडाळले, आणि उत्तर कॉटखाली होतं. चांदीच्या वाटीसाठी मी पोरीच्या नाकाखाली बुरशी पेरली. गावं कसली नालायक म्हणून लिहीत बसले, पानंच्या पानं.

पण २६ फेब्रु.ला तिला सर्दी पण होती. ते पण लिहिलंय. आधीपासून होती ती.

असंल तेच असंल. नसंल पण. कुणाला विचारायचं?

ह्यांना सांगितलं तर सासूबाईंना कळणार. मग जन्मभर. आणि सासूबाईंचं जाऊ दे. हे काय म्हणतील? काही म्हणायचे नाहीत. तीच भीती आहे. हॉस्पिटलात जसं बघत होते ना, तसं नुसतं बघतील.

नाही सांगितलं तर वाळवंटात जाऊ, तिथं मनू बरी राहील, सगळे म्हणतील हवा मानवली. कुणाला कधी कळणार नाही. सोपं आहे.

आणि तिथं वारं सुटलं तर? चार तास?

१६ मे, बुध.

क्लिनिकला गेले, एकटी, म्हणजे मनूला घेऊन. ह्यांना सांगितलं लस आहे. पिशवी पर्समध्ये. बसमध्ये मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते जसा काही बॉम्ब आहे.

डॉक्टर पोरगीच होती, चष्मेवाली. मी घरनं पाठ करून आले होते, "डॉक्टर, धिस फंगस, माय डॉटर." तोंडातनं "धिस" एवढंच निघालं आणि पिशवी टेबलावर ठेवली.

डॉक्टर खुर्चीसकट मागं सरकली.

मग मनूच बोलली. "मम्मा मेक धिस वन. फॉर आंटी. अंडर माय बेड. व्हेरी स्मेली लाह!"

म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. वास येत होता तिला. मला कधी बोलली नाही. बोलली असती तरी मी म्हणलं असतं, गप झोप.

डॉक्टरनं पिशवी न उघडता उलटी सुलटी करून बघितली. तारखा विचारल्या. मी वही उघडून बोटानं दाखवल्या. तिला मराठी येत नाही, पण आकडे मी इंग्रजीत परत लिहून नेले होते. बराच वेळ बघत होती. मनूची छाती तपासली. साफ आहे म्हणाली.

"कॅन बी," म्हणाली. "बट कॅन ऑल्सो बी द फ्लू. नॉट शुअर. कीप द रूम ड्राय, वेट अँड सी."

असंल, नसंल, थांबा. हे सांगायला एवढं शिकायला लागतं होय? हे मला नववीत पण येत होतं.

म्हणलं, "डेझर्ट गो? गुड?"

"डेझर्ट?" तिनं चष्मा वर केला. "हू टोल्ड यू टु गो टु द डेझर्ट?"

काय सांगणार. तुमच्यातलाच एक. हसत हसत सांगून गेला.

मग हळूहळू बोलली, मला कळावं म्हणून. धुळीनं पण होऊ शकतं. कुठं गेल्यावर बरी होईल ते आधी कुणी सांगू शकत नाही. पण पोरगी बरी असताना घाई कशाला. मनूला स्टिकर दिला, मला पिशवी परत दिली, दोन बोटांनी.

बसमध्ये मनूला म्हणलं, "पप्पांना सांगू नकोस हं आत्ता."

"व्हाय?"

"मी सांगणार आहे."

"व्हेन?"

नऊ स्टॉप गेले.

१९ मे, शनि.

पंप नाही. वीस दिवस.

हे खूश. "बघ, जायचं ठरलं तर पोरगी आपोआप सुधारली. मनाचं असतं सगळं." मनूनं माझ्याकडं बघितलं. मी भाजीत बघितलं.

तक्ता पुरा झाला. भुयाराचं गाव बाद, शाळेत कमी पडलं. किटलीचं गाव आणि बाडमेर, दोघांना सारखेच मार्क. एवढी आकडेमोड करून शेवटी बरोबरी! साहेबांना सोमवारी नाव द्यायचं. फॉर्म छापून आणलाय. सही करून ठेवली, गावाची जागा मोकळी.

"तू ठरव," म्हणाले.

"मी?"

"तू म्हणाली होतीस ना, माझी ओळ कुठाय. ही घे. तू म्हणशील ते गाव. मागं वळून बोलायचं नाही मी. म्हातारे होईस्तोवर राहू तिथंच, छोटं घर बांधू, गच्चीवर तुझे सांडगे वाळतील."

सांडगे म्हणाले. चेष्टेनं नाही, प्रेमानं. ह्या माणसानं मला आतापर्यंत कधी काही ठरवायला दिलं नव्हतं, आणि दिलं ते हे.

"बोल ना गं."

म्हणलं, "सोमवारी सांगते."

२० मे, रवि.

का. वहिनींचा फोन. ह्यांनी उचलून माझ्याकडं दिला, सुटका नाही.

"झाले का गं सांडगे?"

"नाही झाले. टाकून दिले. बुरशी आली."

"अय्या! सगळे?"

"सगळे. आता करणार नाही."

"अगं, एवढ्याशानं काय होतं, वरची पुसून घ्यायची..."

ठेवला फोन. पहिल्यांदा मी आधी ठेवला.

हे पेपर वाचत होते. "कसली बुरशी?" म्हणाले. आणि तेवढ्यात मनूनं मायलो सांडलं. फरशी पुसताना मी वर बघितलंच नाही. पुसून झाल्यावर पण पुसत होते.

आंटी संध्याकाळी दारात आली. संत्र्याच्या सालींचं ताट उचललेलं, खुर्ची रिकामी. खुर्चीवर थाप मारून म्हणाली, "यू वाँट, यू यूज. मॉर्निंग गॉट सन." मी नको म्हणलं. तिनं खुर्ची तशीच ठेवली, आमच्या दाराकडं सरकवून.

२१ मे, सोम.

सकाळचे सव्वासात. पंप नाही. बावीस दिवस. मनू दप्तर घेऊन टॅन आंटीच्या दारात शूज घालतेय, गातेय काहीतरी. दम लागत नाहीये गाताना.

हे आंघोळीला गेलेत. फॉर्म टेबलावर. मोकळी जागा बोटाएवढी आहे. "बाडमेर" मावतं. "इब्री" तर मावतंच. पेन घेऊन पाच मिनिटं बसले.

मला नाही माहीत पोरीला काय बाधलं. इथली ओल, माझी चादर, शाळेतली सर्दी. डॉक्टरीणबाईंना नाही माहीत तर मला कुठलं. पुढच्या महिन्यात परत श्वास अडकला तर सगळे म्हणतील हिनं सांगितलं म्हणून थांबलो. तिकडं अडकला तर कुणी काही म्हणणार नाही, फक्त मी एकटी. गाडीत. चार तास.

ह्यांना काय माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि ते सोडून बाकी सगळं ह्यांनी तक्त्यात घातलंय.

ड्रॉवर उघडला. लाटण्यामागनं पिशवी काढली. सांडगा आणखी काळा झालाय, आता तर ओळखू पण येत नाही काय होतं. फॉर्मवर ठेवली, त्या मोकळ्या जागेवर. बाजूला ही वही ठेवते आहे, २६ फेब्रु.चं पान उघडून. ते मराठी वाचतात. बोट ठेवायला लागत नाही त्यांना.



नळ बंद झाला.